सात मिनिटांत प्रॉथरोसाहेब

पाहुण्यांचा परिचय करून देणं ही कला आहे आणि पळसदरीत ती फक्त मला येते. हे गर्वानं सांगत नाही, बत्तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो तेव्हापासून गावात पाहुणा आला की माईक माझ्या हातात. नोकरीतून निवृत्त झालो, पण माईकमधून नाही. हळदीकुंकू असो, क्रिकेटची बक्षिसं असोत, दशरथ गुरुजी उठल्याशिवाय पाहुण्याला आपण कोण आहोत ते कळत नसे.

माझी एक पद्धत आहे. सुरुवात "थोडक्यात सांगायचं तर" अशी करायची, म्हणजे लोक पळून जात नाहीत. पाहुण्याच्या वयाबद्दल बोलायचं नाही. आणि पाहुणा कधी निवडणुकीत पडला असेल, तर ती निवडणूक झालीच नव्हती असं समजायचं. या पद्धतीवर बत्तीस वर्षं निभावली. मग गेल्या मार्गशीर्षात तो कृषी अधिकारी आला.

मी त्याचा परिचय एक्केचाळीस मिनिटं करून दिला. मध्येच त्याला फोन आला आणि तो उठून गेला. आता अर्धा परिचय टाकून द्यायचा का? मी उरलेला परिचय त्याच्या रिकाम्या खुर्चीचा करून दिला. लोक हसले. मला वाटलं, माझ्या विनोदांना हसतायत.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरपंच जयवंताबाई घरी आल्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी, पण सरपंच झाल्यापासून माझ्या अंगणात उभ्या राहून बोलतात.

"गुरुजी, पुढल्या टायमाला सात मिंटं. आठवं मिनिट लागलं की माईक प्रवीणकडं. कायमचा."

हा प्रवीण विम्याचा एजंट. मोबाइलवर बोट फिरवलं की त्याला कुणाचाही परिचय तयार मिळतो, आणि तो तसाच वाचून दाखवतो. एकदा त्यानं भजनी मंडळाच्या बुवांना 'उदयोन्मुख युवा उद्योजक' केलं होतं. अशा माणसाकडे माझा माईक! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, माईक गेला तर मी नुसता एक म्हातारा उरणार होतो, दुपारी ओट्यावर बसणारा.

आता तो संडास. धरणावर शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीनं सार्वजनिक शौचालय बांधलं. फरशी बसली, टाकी बसली, बाहेर गुलाबी रंग लागला. पण उद्घाटन झाल्याशिवाय कुलूप कसं काढणार? एका मोठ्या नेत्यानं तारीख दिली आणि आला नाही. दुसरी दिली, आला नाही. तिसऱ्या वेळी तर मांडव घालून झाला होता. असे तीन महिने गेले. दारावर फीत, फितीमागे कुलूप, आणि पाहुणे मंडळी शेजारच्या बांबूच्या बेटाआड. ते बेट जयवंताबाईंच्या वाडीतलं. त्यामुळे उद्घाटनाची घाई गावात सगळ्यात जास्त त्यांना होती.

अशात माझी पुतणी समीक्षा हिच्याकडे एक गोरा उतरला. समीक्षा स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या पर्यटकांना देते. हा म्हातारा आठवडाभर पक्षी बघायला आला होता. नोंदवहीत नाव लिहिलं इडवल प्रॉथरो, देश वेल्स, आणि व्यवसायाच्या रकान्यात इंग्रजीत 'राजकारणी, निवृत्त'. समीक्षानं ते नळावर कुणाला तरी सांगितलं. अर्ध्या तासात जयवंताबाई शाल-श्रीफळ घेऊन तिच्या दारात.

"नेता हाय ना? कुटला का असंना. फीत कापता येती का, इचार."

साहेबांनी लगेच होकार दिला. कसलं उद्घाटन ते ऐकल्यावर तर ते खुर्चीतून उठलेच, असं समीक्षा म्हणाली. मला परिचयासाठी निरोप आला. सात मिनिटं.

मी वही घेऊन साहेबांकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल, गळ्यात दुर्बीण. समीक्षा दुभाषी. तिनं मला आधी वेल्स समजावून दिलं. इंग्लंडला चिकटून असलेला वेगळा देश, भाषा वेगळी, आपल्या विधानसभेसारखी सभा कार्डिफला, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. साहेबांच्या गावाचं नाव मी तीनदा लिहून घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. शेवटी 'वेल्समधील एका खेड्यात' असं लिहिलं.

"साहेब आधी काय करत होते?"

"बस चालवत होते, काका."

मी लिहिलं : वाहतूक क्षेत्राचा दांडगा अनुभव.

"निवडणुका किती लढवल्या?"

"सात. सहांत पडले," समीक्षा म्हणाली. साहेबांनी बोटांवर मोजत प्रत्येक पराभवाचा आकडा दिला. पहिल्यात अकरा हजारांनी पडले. दुसऱ्यात नऊ हजारांनी. तिसऱ्यात पुन्हा अकरा, कारण उमेदवार म्हणून यांच्यासमोर एक फुटबॉलपटू होता. असा खुशीत पराभव सांगणारा राजकारणी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी पेन खाली ठेवलं.

"आणि जिंकले ते?"

"सतरा मतांनी. चार वर्षं सभेत होते."

"चार वर्षांत कार्य काय केलं?" मी पेन पुन्हा उचललं. कारखाना, महाविद्यालय, निदान एखादी पतपेढी.

समीक्षानं विचारलं. साहेब बराच वेळ बोलले. त्यांचे डोळे चमकत होते. समीक्षा माझ्याकडे वळली आणि ओठ चावत म्हणाली, "काका, यांनी एक संडास वाचवला."

गावच्या बस थांब्यावरचा सार्वजनिक संडास तिथली नगरपालिका कायमचा बंद करणार होती. साहेब स्वतः ड्रायव्हर. सात तास गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या दाराची किंमत ठाऊक असते. चार वर्षांत ते सभेत त्या संडासावर एकतीस वेळा बोलले. लोक हसायचे. शेवटी संडास वाचला. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले.

"का पडले?"

"म्हणतात, काम झालं होतं ना!" समीक्षा म्हणाली. "अजून चालू आहे तो. दर मंगळवारी जातात. बघायला."

घरी येऊन मी कागदापुढे बसलो. सहा पराभव पद्धतीप्रमाणे कापले. राहिला संडास. आता सांगा, संडासाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या परदेशी पाहुण्याचं आयुष्यभराचं कार्य म्हणजे संडास, असं व्यासपीठावरून म्हणायचं? लोकांना वाटेल मी थट्टा करतोय. साहेबांचा अपमान, गावाची शोभा, आणि माझा माईक गेला. मी तोही कापला. वर पाहुण्याची लाज राखली म्हणून स्वतःवर खूष झालो.

रविवारी सकाळी अकराला मांडव भरला. पुढे लहान मुलं, उजवीकडे बायका, त्यांत माझी बायको अंबाबाई दोन सुनांना दोन्ही बाजूंना घेऊन बसलेली. मागे धरणावर आलेली मुंबईची मंडळी, काही जण घाईत. व्यासपीठावर साहेब शाल पांघरून घामाघूम, कानाशी समीक्षा. प्रवीण पहिल्या रांगेत, मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावून. मी उठलो.

"थोडक्यात सांगायचं तर," मी म्हणालो, "साहेबांचा जन्म वेल्समधील एका खेड्यात झाला. वाहतूक क्षेत्राचा त्यांना दांडगा अनुभव. समाजसेवेची आवड. ते पक्षीप्रेमी आहेत."

आणि कागद संपला.

मी उलटून पाहिला. मागे कोरा. घड्याळात अजून एक मिनिटही झालं नव्हतं. बत्तीस वर्षांत माझा कागद कधी संपला नव्हता. जयवंताबाईंनी आ वासला. मी साहेबांकडे पाहिलं. हजेरीत ज्या पोराचं नाव राहून जातं ते पोर कसं मास्तरांकडे बघत राहतं, तसे ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी समीक्षाच्या कानात काही विचारलं. समीक्षा अवघडून उठली आणि माझ्याजवळ आली. माईक चालूच होता.

"काका, ते विचारतायत, संडासाचं राहिलं का?"

अख्खा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण साहेब हसत नव्हते. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांची लाज राखली नव्हती, त्यांचं आयुष्य खोडून टाकलं होतं.

मग मी कागद खिशात घातला आणि सगळं सांगितलं. बस, थांबा, एकतीस भाषणं. हसणारे पुढे सरकून बसले. मागचे मुंबईकर तर फार मन लावून ऐकत होते, त्यांना विषय जवळचा होता. मग निवडणुका घेतल्या. "पहिल्या निवडणुकीत साहेब अकरा हजारांनी—" मी थांबलो. पुढची पोरं ओरडली, "पडले!" दुसऱ्या निवडणुकीत? "पडले!" फुटबॉलवाल्यासमोर? "पडले!" सतरा मतांनी निवडून आले तेव्हा अशी शिट्टी वाजली, जणू कार्डिफच्या मतमोजणीला पळसदरीची माणसं बसली होती. साहेब प्रत्येक पराभवाला उभं राहून हात जोडत होते.

आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब सहा वेळा पडले आणि मोजून सांगतात. मी एकदाच पडलो, अजून कुणाला सांगितलं नाही."

 गावाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझ्या तोंडावर कुणी काढत नसे. निवृत्त झालो त्या वर्षी ग्रामपंचायतीला उभा राहिलो होतो.

"मला चार मतं पडली," मी म्हणालो. "आमच्या घरात मतदार सहा."

त्या दोन मतांनी माझी अकरा वर्षं खाल्ली. सकाळी जो चहा आणून देई, त्याच्या तोंडाकडे मी बघत असे, हा त्यातला की काय म्हणून. विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

तेवढ्यात गजर वाजला. सात मिनिटं. प्रवीण शर्ट नीट करून उठला. जयवंताबाईंनी व्यासपीठावरूनच त्याला दटावलं, "बस रं खाली." कारण बायकांच्या रांगेत आमची अंबाबाई उभी राहिली होती.

"अवो, त्यातलं एक मी नव्हतं दिलं."

"का गं?" मी माईकमधूनच विचारलं. बाजूला करायचं सुचलं नाही.

"तुमी निवडून आला असता तर रोज सभा, रोज भाषण. शाळा सुटली तवा मला वाटलं, आता तरी माज्याशी बोलतील." तिनं पदर सारखा केला. "दुसरं मत कुणाचं ते मला नाय ठाव."

तिच्या डाव्या हाताला बसलेली धाकटी सून एकाएकी स्वतःच्या चपलेचा पट्टा तपासायला लागली.

मांडव हसून हसून लोळला. मीही हसलो. समीक्षानं साहेबांना सगळं सांगितलं. ते काठी टेकत व्यासपीठावरून उतरले, मला वाटलं माझ्याकडे येतायत, तर ते सरळ बायकांच्या रांगेत गेले आणि त्यांनी अंबाबाईशी हस्तांदोलन केलं.

मग फीत कापली, कुलूप निघालं. आमच्याकडचा नेता इथे फोटो काढून गाडीत बसतो. साहेब आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून उभे. सनईवाल्याला कळेना वाजवावं की नाही. दोन मिनिटांनी आतून पाण्याचा जोरदार आवाज आला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बांबूच्या बेटातून दोन मुंबईकर धावत बाहेर आले. साहेब हात पुसत आले आणि इंग्रजीत एवढंच म्हणाले, "उत्तम. कडी जरा सैल आहे." त्यांचं भाषण ते तेवढंच.

मंडळी पांगल्यावर जयवंताबाई माझ्याजवळ आल्या. आज पहिल्यांदा त्या खाली बघून बोलत होत्या.

"गुरुजी, बारा मिंटं झाली. आजच्यासारखा परिचय कवा झाला नवता. पण शब्द म्हंजे शब्द. प्रवीणलाबी दिलेला हाय."

मी माईक पुसला, त्याची वायर गुंडाळली आणि तो प्रवीणच्या हातात दिला. "पाहुणा किती वेळा पडला, ते आधी विचारत जा," एवढं त्याला सांगितलं. त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. घरी चालत येताना हात फार हलके वाटत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

दुपारी मी ओट्यावर बसलो. म्हटलं, चला, आजपासून हेच. अंबाबाई दोन कप चहा घेऊन आली. नेहमी ती मला कप देऊन आत जाते. आज माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि मांडीवर हात ठेवले.

"त्या साहेबाच्या गावात मेंढ्या लई, म्हनत व्हता. काय काय सांगितलं त्यानं? मला तिकडं नीट ऐकू नाय आलं."

मी घसा साफ केला. "थोडक्यात सांगायचं तर—"

"थोडक्यात कशाला?" अंबाबाई म्हणाली. "मला कुटं जायचंय?"