थोरला डबा

पोखर्णीच्या रस्त्यावर आमची कापूस-बियाण्यांची संस्था होती आणि तिथं थोरलेपणापुढं कुणाचं काही चालत नसे. चहा आधी कुणाला द्यायचा, हेसुद्धा रुजू तारखेवर ठरायचं. मी टायपिस्ट, सगळ्यांत शेवटची, त्यामुळं माझा चहा कायम गार. त्याच हिशेबानं पंडित सर संगणक विभागाचे प्रमुख झाले. संगणक खरा यायचा सत्यशीलाबाईंना, पण त्यांची नेमणूक हंगामी.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी प्रयोगशाळा, कचेरी आणि गोदाम तारेनं जोडलं. प्रत्येक ठिकाणी एक डबा, त्याला ब्रिज म्हणायचे. एक तार तुटली तर दुसऱ्या वाटेनं काम चालावं, म्हणून तिन्ही गोल जोडले. पण गोलात निरोप फिरतच राहतो. म्हणून डबे आपसात एक मुख्य ठरवतात आणि त्याच्या समोरची, म्हणजे उरलेल्या दोघांमधली वाट बंद ठेवतात.

"मुख्य कोण, हे कसं ठरतं?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक डबा आपला आकडा सांगतो, सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. " लहान आकड्याचा मुख्य. आपण आकडे दिलेच नाहीत, तर सगळ्यांचे सारखेच. मग कारखान्यातून आलेला नंबर बघतात. गोदामातला डबा जुना, त्याचाच नंबर लहान."

"मंग बरोबरच हाय की. थोरला तो मुख्य."

"पण गोदाम सांभाळणारे चंद्रभानमामा जेवायला जाताना तिथला मेन स्विच बंद करतात. मुख्यच गेला की बाकीचे दोघं नवा ठरवेपर्यंत सगळं ठप्प. कचेरीतल्या डब्याला लहान आकडा देऊ. तुमचा पासवर्ड तेवढा लागेल."

"ऱ्हाऊ द्या, बाई. धाकट्याला वर बसवायचं काय कारण?"

मामांचं काही चुकत नव्हतं. एकदा वायर जळून गोदामातला कापूस पेटला होता. तेव्हापासून मेन बंद केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

हिवाळ्यात पुण्याहून पाहणीला साहेब आले. त्यांना काम पसंत पडलं तर विभागाला कायम पद मिळणार, म्हणजे सत्यशीलाबाईंची नोकरी पक्की. प्रयोगशाळेतले आकडे कचेरीच्या पडद्यावर झरझर उमटत होते. तेवढ्यात मामांची जेवणाची वेळ झाली आणि पडदा थिजला.

"येईल साहेब, मिनिटभर थांबा," बाई म्हणाल्या. पंडित सर भिंतीकडे बघत उभे. आकडे परत आले तेव्हा साहेब जीपमध्ये बसले होते. पद मिळालं नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी सर आपणहून आले. "तो आकडा कुठं द्यायचा, दाखवता का?"

त्यांनी पासवर्ड टाकला, बाईंनी आकडा दिला. मामांना मेन बंद करायला सांगितलं. पडद्यावरचे आकडे चालतच राहिले.

"एवढंच होतं?"

"एवढंच होतं, सर."

सर खुर्चीत बसले. "माझं लय चुकलं, बाई. थोरल्या डब्याला उठवलं असतं, तर मला इथं कशापायी बसवलंय, हे लोकांनी इचारलं असतं."

मला त्या माणसाचा राग होता, अजूनही आहे. पण तेव्हा त्यांच्याकडं बघवेना.

चहा आला. शिपाई सवयीनं सरांकडं वळला.

"आधी बाईंना," सर म्हणाले.

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. परभणीची बस फाट्यावर येऊन उभी होती. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि निघाल्या. त्यांचा कप टेबलावर गार होत राहिला. सरांनी त्यानंतर चहा घेतला नाही, आणि मीही नाही.