दोन लाय

सासूबाईंना इंग्रजीतलं एक वाक्य धड बोलता यायचं नाही, पण इंग्रजीतले तीन अक्षरांचे शब्द त्यांना तोंडपाठ होते. दुपारची भांडी आवरली की वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं पुढ्यात घ्यायचं आणि पेन्सिल कानाला अडकवून बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मोठे शब्द अडले तर अडू देत, म्हणायच्या, कोडं उभं राहतं ते चिल्ल्यापिल्ल्यांच्या जिवावर. सून लग्न होऊन आली तेव्हा तिलाही त्यांनी शेजारी बसवून घेतलं. एब म्हणजे ओहोटी. ओर म्हणजे वल्हं. आयर म्हणजे संताप.

"हे शब्द कुणी बोलत नाही गं," त्या सांगायच्या. "नुसते कोड्यात राहतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या समज."

'लाय' आला त्या दिवशी मात्र त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हा फसवा आहे हं. लाय दोन आहेत, कानाला अगदी सारखे. मधलं अक्षर आय असेल तर खोटं. आणि वाय असेल तर..."

तेवढ्यात दूध उतू गेलं आणि सून स्वयंपाकघरात धावली. परत आली तोवर सासूबाई पुढच्या शब्दावर गेल्या होत्या. राहिलेलं विचारावं असं सुनेला वाटलं नाही, कारण आपल्याला पुरतं कळलं अशी तिची समजूत झाली होती.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि जिभेवरून मराठी पार पुसली गेली, पोटच्या पोरांची नावंसुद्धा. उरले ते हे कोड्यातले चिल्लेपिल्ले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. दोघे मुलगे म्हणाले, आई काहीतरी बरळतेय. एकट्या सुनेला ते बरळणं कळायचं. तांब्या रिकामा झाला की 'एब'. काठी हवी असली की 'ओर'. धाकटा कुणावर फोनवर ओरडायला लागला की 'आयर', आणि सून तोंडावर पदर धरून हसायची. दोघींची अशी एक वेगळीच भाषा झाली. सुनेला त्याचा अभिमान वाटायचा, आणि अभिमानाला डोळे कमी असतात.

धाकटा मागच्या खोलीत साबण करायचा. धंदा नवा, जागा टीचभर. साचे, तेलाचे डबे, कॉस्टिक सोड्याची पिंपं यांत त्यालाच उभं राहायला जागा नसायची, म्हणून त्याचा पसारा हळूहळू आईच्या खोलीत सरकत आला. तिच्या उशाच्या खिडकीला रुंद कट्टा होता. त्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली असे. एका सकाळी तिच्याशेजारी आणखी एक तशीच बाटली आली, तशीच पारदर्शक, तशीच भरलेली. सुनेनं ती पाहिली. नवऱ्यानं भरून ठेवली असेल म्हणाली आणि केर काढून निघून गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी थोरला छापखान्यातून उशिरा आला. नेहमीप्रमाणे आईपाशी खिडकीतल्या खुर्चीत बसला. "नवीन यंत्र आलंय," तो बायकोला म्हणाला, "कागद ओढतच नाही. काही दिवस असंच होणार."

सासूबाईंनी डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं.

"लाय," त्या म्हणाल्या.

सुनेच्या हातातली वाटी तशीच राहिली. थोरला हसला. "काय म्हणते?"

"काही नाही," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्याही दिवशी तेच. तो खुर्चीत टेकला रे टेकला की 'लाय'. धाकट्यालाही त्या एकदा म्हणाल्या, तर तो म्हणाला, "हो आई, लय भारी!" आणि साचे उचलून गेला. सुनेला ते ऐकून बरं वाटलं नाही. धाकटासुद्धा भावावर पांघरूण घालतोय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

लाय म्हणताना सासूबाईंचं डावं बोट चादरीवर फिरायचं. वरून दोन तिरक्या रेघा एकमेकींना भेटायच्या आणि मग एक रेघ सरळ खाली. पुन्हा पुन्हा तेच. सुनेला वाटलं, चादर टोचतेय. तिनं चादर बदलली.

एकदा दोघीच असताना तिनं विचारलं, "हे माझ्याशी खोटं बोलतात का हो?" सासूबाईंनी गादीवर मूठ आपटली. "आयर! आयर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईलाच लेकाचा एवढा संताप येतोय म्हणजे पाणी कुठं मुरतंय ते आणखी काय शोधायचं, असं सुनेला वाटलं. तिनं नवऱ्याचे सदरे हुंगले. शाईचाच वास यायचा. तोही तिला मुद्दाम लावल्यासारखा वाटू लागला. संशयाला खायला काहीही चालतं. तो बोलला की ती नुसतं हं म्हणायची, आणि घरात जे काही हसूबोलू होतं ते आटत गेलं. आपलं माणूस आपलं राहिलं की नाही, एवढं एकच तिला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी तो आला तो घामाघूम होऊन. खुर्चीत बसला.

"आज तरी यंत्र चाललं का?" तिनं विचारलं.

"कसलं चालतंय. उद्या पुन्हा थांबावं लागणार."

"लाय!" सासूबाई ओरडल्या. झटक्यानंतर एवढा मोठा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. "लाय, लाय!"

"ऐकलंत?" सून म्हणाली, आणि इतके दिवस दाबलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "लाय म्हणजे खोटं. रोज सांगतायत त्या मला. जन्मदात्या आईला कळतंय, तुम्ही कुठं जाता ते."

"मी खोटं बोलतोय?"

"मी नाही म्हणत. त्या म्हणतात."

"तुला काय वाटतं ते सांग."

तिनं मान फिरवली. त्यानं रागानं मागे हात टाकला, कट्ट्यावरची हाताला लागली ती बाटली उचलली आणि बूच काढलं. मान फिरवल्यामुळे सुनेची नजर चादरीवर गेली होती. दोन तिरक्या रेघा, एक सरळ खाली. ती टोचणारी चादर नव्हती. ते अक्षर होतं.

वाय.

वाय घातलेला लाय म्हणजे काय, हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण सासूबाईंची नजर लेकावर नव्हतीच, ती बाटलीवर होती, आणि कदाचित पहिल्या दिवसापासून तिथंच होती. सून झेपावली. तोवर पहिला घोट आत गेला होता.

तो जगला. अन्ननळी भाजली होती, पोटात नळी घालून अन्न द्यावं लागत होतं, आणि आवाज परत येईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. छापखान्यातली माणसं दवाखान्यात आली. त्यातला यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा रडवेला होऊन म्हणाला, "रोज आमच्याबरोबर यंत्राखाली झोपून असायचा हो. दुपारचं पाणी प्यायलासुद्धा उठायचा नाही." सुनेनं ते ऐकलं.

कपडे न्यायला ती घरी आली तेव्हा धाकटा आईच्या पलंगापाशी खाली बसला होता. त्याला दोन दिवस अन्न गेलं नव्हतं. रोज हाताळत असलेल्या वस्तूला तो कॉस्टिक म्हणायचा. तिचंच कोड्यातलं नाव वाय घातलेला लाय, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"उरलेलं कॉस्टिकचं पाणी मीच ठेवत होतो तिथं, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याच हातानं दादाचं वाटोळं झालं." मग त्यानं डोळे पुसले. "आई रोज ते काहीतरी म्हणत होती ना? तुम्हाला तिचं कळतं. तिला दिसत होतं का? सांगत होती का ती आपल्याला?"

सुनेनं पिशवीत सदरा घातला. त्याला शाईचा वास येत होता.

"नाही," ती म्हणाली. "त्याला काही अर्थ नव्हता."

"लाय," पलंगावरून आवाज आला.

सुनेनं वर पाहिलं. सासूबाईंचं बोट चादरीवर फिरलं. या वेळी तिरक्या रेघा नव्हत्या. एकच रेघ होती, वरून खाली, सरळ.