टेस्टिंगला मदत

शिवगंगाचं नाव पुसलं गेलं मार्चमध्ये. तिला ते कळलं मे महिन्यात, उदगीरच्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून फोन चाळताना.

अव्वाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. लातूरचं काम सोडून शिवगंगा सात महिने आईजवळ राहिली होती. तेवढ्यात मल्लेशनं ‘गाठोडं’ इंटरनेटवर नव्या जागी हलवलं होतं.

गाठोडं तिनं आणि मल्लेशनं नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुरू केलं. संगणकावर एक सॉफ्टवेअर बसवायचं म्हटलं की त्याला आणखी दहा लागतात. ती कोणती, कुठल्या व्हर्जनची, आधी कुठलं आणि मागून कुठलं, हे सगळं बघून आणून बसवणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर. तसे पॅकेज मॅनेजर जगात ढीगभर होते, पण सगळ्यांना चांगलं इंटरनेट लागायचं. गाठोडं एका संगणकावर एकदाच डाउनलोड करायचं आणि बाकीचे त्याच्याकडूनच घ्यायचे. खेड्यातल्या शाळांना ते फार सोयीचं पडलं. ओपन सोर्स होतं, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. अट एकच, की आधी ज्यांनी लिहिलं त्यांची नावं काढायची नाहीत.

आतला कोड शिवगंगानं लिहिला. मल्लेश देगलूरचा, बोलण्यात वाकबगार. स्टेजवर तो जायचा, शाळांना पटवायचा तो. ही वाटणी तिला मान्य होती. चार वर्षांत तीन हजारांवर बदल झाले, प्रत्येकासमोर तारीख आणि नाव. नव्या जागी ती सगळी यादी गायब होती. एकच नोंद, एकच नाव, मल्लेशचं. खाली आभाराची ओळ होती : ‘सुरुवातीच्या काळात शिवगंगा मॅडमनी टेस्टिंगला मदत केली.’

तिनं तिथूनच फोन लावला.

“अगं, तू आईचं करत राहिलीस,” मल्लेश म्हणाला. “कुणीतरी पुढं न्यायलाच पाहिजे होतं ना? आन् नावानं काय होतंय?”

“नावानं काही होत नसंल तर तुझं काढ की.”

तो हसला. “लई मनाला लावून घेऊ नकोस. परत आलीस की बघू.”

परत आल्यावर तिनं पाहिलं, तर कोड बदलायचा तिचा अधिकारही काढून घेतलेला होता.

लातूरला तिच्या खोलीत पुनम नावाची मैत्रीण राहायची. ती म्हणाली, “तुझ्या लॅपटॉपवर जुनी कॉपी आहे ना? सगळ्या तारखांसकट? आजच टाक नेटवर.”

“आज टाकली तर चार जण वाचतील आणि विसरतील,” शिवगंगा म्हणाली. “मला तो उभा असताना पाहिजे. समोर माणसं बसलेली असताना.”

मग तिनं मदत करायला सुरुवात केली. टेस्टिंगला.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती मल्लेशचा नवा कोड घ्यायची, तीन जुन्या संगणकांवर बसवायची आणि मोडायची. डिस्क भरून टाकायची. तारीख दोन वर्षं मागं न्यायची. अर्धवट फाइल द्यायची. काही मोडलं की गाठोड्याच्या जाहीर तक्रार-यादीत नोंद करायची : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. शेवटी ‘आपल्या कामाबद्दल आदर आहे.’ ठीक दहा वाजता, रोज एक. एकही शब्द वावगा नाही. मल्लेशनं आधी आभार मानले, मग उत्तरं द्यायची सोडली, मग घाईघाईनं दुरुस्त्या करायला लागला आणि त्या दुरुस्त्यांतून नवे बग, म्हणजे नव्या चुका, निघायला लागले. गणपतीपर्यंत यादी ऐंशीवर गेली. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोघांनी अंग काढून घेतलं. पुनमनं ते सांगितलं तेव्हा शिवगंगानं त्या दिवशी उपवास मोडून दोन गुलाबजाम खाल्ले.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिला ते मोठं सापडलं.

तिच्या जुन्या कोडमध्ये एक नियम होता. नवं पॅकेज आधी शेजारी ठेवायचं, तपासायचं, धड असेल तरच जुनं काढायचं. मल्लेशनं तो नियम उडवला होता. जुनं आधी काढून टाकलं की काम दुप्पट वेगानं व्हायचं, दाखवायला छान. पण मधेच वीज गेली तर जुनंही नाही आणि नवंही नाही. संगणक पुन्हा सुरूच होत नव्हता. तिनं पाचदा प्लग ओढून पाहिला, पाचही वेळा तेच झालं.

चौदा डिसेंबरला नांदेडला ओपन सोर्सचा मेळावा होता. शिक्षक, कॉलेजची मुलं, दोन-तीन कंपन्यांची माणसं येणार होती. स्टेजवर दहा संगणक मांडून मल्लेश नवं व्हर्जन दाखवणार होता. हा बग तिनं यादीत टाकला नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं भलताच एक किरकोळ बग टाकला.

सत्तावीस नोव्हेंबरला किल्लारीहून महानंदाबाईंचा फोन आला. त्या तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या लॅबमध्ये गाठोडं शिवगंगानं स्वतः जाऊन बसवलं होतं.

“मॅडम, अपडेट चालू होतं आन् लाइट गेली. चौदापैकी बारा संगणक उठंनाच झालेत. काय करू?”

शिवगंगाला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. सांगण्यासारखं एवढंच होतं, की कुणाला हात लावू देऊ नका, आतलं सगळं शाबूत आहे, मी येते. पण ती गेली असती, दुरुस्त केलं असतं, तर नेमकं काय मोडलंय ते किल्लारीहून मल्लेशपर्यंत गेलं असतं आणि त्यानं मेळाव्याआधी नियम परत बसवला असता.

“आता ते माझ्याकडं नाही बाई,” ती म्हणाली. “मल्लेश सरांना विचारा.”

“ते फोन उचलंनात.”

“लावत राहा.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. मग परत टेबलाशी बसली.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मल्लेशनं नवा कुर्ता घातला होता, दाढी कोरली होती. दहा संगणकांवर एकदम इन्स्टॉल चालू करून त्यानं सेकंद मोजून दाखवले. टाळ्या पडल्या. “कुणाला काही विचारायचंय?” त्यानं म्हटलं आणि शिवगंगा मागच्या रांगेतून उठली. तो क्षणभर अडखळला.

“मी शिवगंगा. मी टेस्टिंगला मदत करते,” ती म्हणाली. काही जण हसले. “एक टेस्ट करू का? आमच्याकडं लाइट जाते. परत एकदा इन्स्टॉल लावा, मधेच मी वीज बंद करते.”

मल्लेशनं लोकांकडं पाहिलं. नाही म्हणायला जागा नव्हती. आणि त्याला भीतीही वाटत नव्हती, कारण आपण काय काढून टाकलंय हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. “या की,” तो म्हणाला.

ती स्टेजवर गेली. पडद्यावरची इन्स्टॉलची पट्टी अर्ध्यावर आल्यावर तिनं संगणकांच्या वीज-बोर्डाचं बटन दाबलं. दहा आकडे मोजून पुन्हा चालू केलं. दहाही पडदे काळे. एका कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मल्लेश या संगणकावरून त्या संगणकाकडं वाकत गेला, बटनं दाबत गेला. त्याच्या कुर्त्याची पाठ ओली झाली. शिवगंगानं घाई केली नाही. सगळ्यांनी नीट पाहावं एवढा वेळ तिनं दिला.

मग तिनं आपला लॅपटॉप जोडला. चार वर्षांची यादी मोठ्या पडद्यावर वर सरकायला लागली. तारीख, शिवगंगा. तारीख, शिवगंगा. मधे कुठंतरी मल्लेश. काढून टाकलेल्या नियमापाशी तिनं थांबवलं.

“हे मी लिहिलं होतं. हे तू काढलंस. काय काढतोय ते वाचलंस तरी का?”

मल्लेशची नजर तिच्याकडं नव्हती, लोकांकडं होती, आणि लोक त्याच्याकडं बघत होते. हाच क्षण तिनं सात महिने मनात घोळवला होता. तो तसाच, अगदी तसाच आला होता. तिच्या छातीत गार वाटलं.

तिसऱ्या रांगेतून महानंदाबाई उठल्या.

“मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?”

शिवगंगानं त्यांना आत येताना पाहिलंच नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. “दिवाळीनंतर,” ती म्हणाली. “पाच आठवडे झाले.”

“म्हणजे मी फोन केला तवा ठाऊक होतं.”

“हाव.”

“आम्ही लातूरहून माणूस बोलावला. त्यानं बाराच्या बारा फॉरमॅट केले. पोरींनी वर्षभर गावातल्या विहिरींचं पाणी मोजून नोंदवलं होतं, ते गेलं.” बाईंचा आवाज चढला नाही. “ह्यांनी तुमचं नाव पुसलं, ते वाईटच. आमच्या पोरींनी तुमचं काय पुसलं होतं?”

कुणीतरी माइक बंद केला.

आठवड्याभरात शाळा शिवगंगाच्या जुन्या कोडकडं वळल्या. तिनं तो तारखांसकट खुला केला, त्यात जिथं मल्लेशचं नाव होतं तिथं ते तसंच ठेवलं. मल्लेशला मेळाव्याला आलेल्या कंपन्यांपैकी एकीनं कामासाठी बोलावलं होतं, ते बोलावणं रद्द झालं. त्याचा एक लांबलचक मेसेज आला. तिनं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही.

नाताळाच्या सुट्टीत ती लातूरहून जीपनं किल्लारीला गेली. महानंदाबाईंनी लॅबचं कुलूप उघडून दिलं आणि बाजूला खुर्ची टाकून वही तपासत बसल्या. फॉरमॅट केलेल्या बारा संगणकांवर सगळं परत बसवायला दोन दिवस लागले. दोन दिवसांत बाईंनी तिला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. मुलींकडं कागदावर अर्ध्याच विहिरींचे आकडे होते. तेवढे शिवगंगानं बसून टाइप केले.

“उरलेले?” तिनं विचारलं.

“उरलेले न्हाईत,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी परत मोजतील. दुसऱ्या पोरी.”

परतीच्या जीपमध्ये पुनमचा मेसेज आला : मल्लेशनं त्याचं गाठोडं बंद केलं, पान काढून टाकलं. शिवगंगानं तो तीनदा वाचला. आनंद झाला, आणि तो तिनं स्वतःपासून लपवला नाही. मग औसा येईपर्यंत ती फोनमध्ये हिशोब मांडत बसली, की पुढच्या वर्षी विहिरी मोजायला किती दिवस सुट्टी टाकावी लागेल, आणि बाईंना ते विचारायचं कसं.