देवकीबाईंच्या गळ्यातली डबी

देवकीबाईंना रिकाम्या हातानं बसता येत नाही. तीस वर्षं सुकी मासळी विकणारी बाई. टीव्ही बघतानाही बोंबलांची डोकी मोडत बसणार. त्यामुळे डहाणूतल्या त्या छोट्या इस्पितळात पडून राहणं त्यांना छातीतल्या धडधडीपेक्षा जड जात होतं. धडधड सुरू झाली ती मसोली गावात, घरासमोर वाळत घातलेले बोंबील उलटताना. मुलगा जतीन बोट घेऊन समुद्रात, म्हणून सून रुपलनंच रिक्षा करून त्यांना इथं आणलं होतं.

आल्याआल्या त्यांच्या छातीवर पाच टिकल्या चिकटवल्या, तारा एका डबीत खोचल्या आणि डबी गळ्यात अडकवली.

"ही टेलिमेट्री," सुषमा सिस्टर म्हणाली. ती तलासरीची, रोज हायवेच्या बसनं येणारी, आणि विचारलं की नीट सांगणारी.

"म्हंजे काय गो?"

"दूरमापन. माप घ्यायचं इथं, वाचायचं तिथं. तुमचं काळीज कसं चालतंय ते आम्हाला पलीकडच्या खोलीत पडद्यावर दिसतं. धरणाचं पाणी किती चढलं ते लांब ऑफिसात बसून कळतं ना, त्यालाही हाच शब्द. अवकाशयानाची खबर येते, तिलाही हाच."

रुपलला हे उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं. देवकीबाईंना मात्र लगेच पटलं. "आमी नाय किनाऱ्यावरून बघत? बोट पाण्यात किती बसलीय त्यावरून माल किती ते कळतंच की."

दोन दिवस पडद्यावर काही वावगं दिसलं नाही. तिसऱ्या सकाळी देवकीबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. "उद्या तलासरीचा बाजार. सुका जवळा घरी रेतीसकट पडलाय. सूप नि थोडा जवळा आण, खिडकीत बसून पाखडते."

"आई, इस्पितळ हाय हे. वास येईल."

"माझ्या लुगड्यालाच तो वास हाय, कोणाला कळतंय? हात रिकामे राहिले की जास्ती धडधडतं."

सासूशी वाद घालणं रुपलला कधी जमलं नव्हतं. तिनं चादरीत गुंडाळून सूप नि जवळा आणला आणि स्वतः दाराशी राखण करत उभी राहिली. देवकीबाईंनी पाखडायला घेतलं, सप् सप् सप्, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. दोन मिनिटं झाली नसतील तोच व्हरांड्यातून धावती पावलं ऐकू आली. रुपलनं खूण केली, सूप खाटेखाली गेलं.

सुषमा धापा टाकत आत आली, मागून डॉक्टर. नाडी बघितली, रक्तदाब बघितला. दोन्ही ठीक.

"चक्कर आली? डोळ्यांपुढे अंधारी?"

"काय नाय."

"अकरा दहाला काय करत होतात?"

"काय नाय. बसले होते." देवकीबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की रुपलनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी रुपलला बाहेर नेलं. हातात पडद्यावरून छापून काढलेली पट्टी होती. तिच्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ. असे ठोके खरे असतील तर जिवाला धोका आहे, ते म्हणाले. आत्ता ठीक दिसतात, पण थांबण्यात अर्थ नाही. मुंबईला न्यावं लागेल, कदाचित छातीत यंत्रही बसवावं लागेल. ॲम्ब्युलन्स बोलावलीय, इथं सही करा.

रुपलची पाचावर धारण बसली. जतीनचा फोन लागेना. सही करायची तिनं, आणि आई गेल्या तर पुढं जन्मभर तोंड दाखवायचंही तिनंच. पेन टेकवताना तिची नजर पुन्हा पट्टीवर गेली. वर वेळ छापली होती, अकरा दहा. ती वेळ तिला पाठ होती. राखण करताना ती भिंतीवरचं घड्याळच बघत होती. पट्टीचा आणि सुपाचा काही संबंध असेल असं तिला वाटलं नाही. पण डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि दोघींनी खोटं सांगितलं होतं. सासू फाडून खाईल तर खाऊ दे.

"साहेब, त्या बसल्या नव्हत्या," ती एका दमात म्हणाली. "जवळा पाखडत होत्या. सूप खाटेखाली हाय. मीच आणलं."

डॉक्टरांनी हातातली पट्टी पुन्हा एकदा बघितली. मग सहीचा कागद तसाच टाकून निघाले. "सिस्टर, आजींना परत पाखडायला सांगा. हळू, आणि तुम्ही नाडी धरून जवळच बसा. " मग रुपलकडे वळले. "तुम्ही या माझ्याबरोबर."

पडद्यावर देवकीबाईंची रेघ शांत चालली होती. भिंतीपलीकडून सप् सप् आवाज आला आणि रेघेला तेच दाते फुटले. आवाज थांबला, दाते गेले. पुन्हा सुरू, पुन्हा दाते. तीनदा बघून डॉक्टरांनी हातातल्या पट्टीवर पेनाचं टोक ठेवलं. "हे बघा. दात्यांच्या मध्ये या बारीक टोकदार रेघा, अगदी वेळच्या वेळी. हे त्यांचे खरे ठोके. बाकी सगळं हात हलतो त्याचं. लांबून माप कळतं हो, माणूस काय करतोय ते कळत नाही." त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन करून नको म्हणून सांगितलं. आधीच्या धडधडीला गोळी पुरेल, उद्या घरी जा, म्हणाले.

रुपलचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि इतकी रडली की सुषमानं पळत येऊन तिला पाणी दिलं.

खोलीत गेली तेव्हा देवकीबाई सूप मांडीवर धरून बसल्या होत्या. सिस्टरनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"वासाची लाज वाटली गो," त्या म्हणाल्या. "एवढी साफसूफ जागा. मुंबईला नेलं असतं, छाती उघडली असती, तरी मी बोलले नसते."

मग मात्र रुपलचं तोंड सुटलं. सात वर्षांत काढला नव्हता एवढा आवाज काढून ती सासूला बोलली: लाज मोठी की जीव मोठा, तुम्हाला काही झालं असतं तर मी कोणाकडे बघायचं? व्हरांड्यातून दोघीतिघी डोकावल्या. देवकीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. सुनेचा राग संपेपर्यंत त्या तिचा हात धरून बसून राहिल्या.