ओंजळीतले काटे

चैत्राच्या पांढऱ्या, पेटत्या उन्हात तो डोंगर उभा असे. काळा, करडा, मध्येच राखेसारखा फिकट. हा डोंगर देवाने केलेला नव्हता. कोळशाच्या खाणीने जमिनीचे पोट फाडून जी माती बाहेर टाकली, तिचा हा ढीग. डंपर येत राहिले, ओतत राहिले, आणि सपाट शेतशिवाराच्या मुलखात एक डोंगर वाढला. त्यावर गवत रुजत नव्हते, पाखरू बसत नव्हते.

या डोंगरात सारेच उलटे होते. युगायुगांच्या अंधारात निजलेला खडक माथ्यावर आला होता, आणि जिने ज्वारी पिकवली, मोहाची फुले झेलली, ती माती तळाशी गाडली गेली होती. सावरडोह नावाचे गाव, गावाच्या कडेचा ओढा, ओढ्याकाठची सावली, सारे या ढिगात होते. पार्बताबाईचे लेकरूही याच ढिगात होते.

त्याचे बारसेही झाले नव्हते. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. नवऱ्याने त्याला ओढ्याकाठी ठेवले, मूठमाती दिली, आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोराटी रचली, बोरीच्या काटेरी फांद्या. पार्बता रोज दिवस कलताना तिथे जाऊन उभी राही. रडत नसे. एखादी फांदी सरकली असली तर नीट करी आणि घरी येई. त्या लेकरासाठी करण्यासारखे तेवढेच काम उरले होते.

मग खाण आली. घरे हलली, देव हलले, माणसे हलली. ती बोराटी हलवायचे कोणाला सुचले नाही. पार्बताने नवऱ्याला सांगितले, नवऱ्याने खाणीच्या साहेबाला. साहेब म्हणाला, बघू. बघू म्हणजे काय, ते मशीन ओढ्याशी पोचल्यावर कळले. पुढे नवराही गेला, आणि त्या काट्यांची आठवण एकट्या पार्बताजवळ राहिली.

गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्याला एक जागा लागते. हातभर का असेना, पण जागा लागते. पार्बताला जागा नव्हती, अख्खा डोंगर होता. आणि अख्ख्या डोंगरापुढे कुठे उभे राहावे, हे तिला कळत नसे.

अशात एका श्रावणात तिथे चारुता आली. शहरातली चित्रकार, केस पिकत आलेले, नखांत कायमचा रंग. कागदावर चित्रे काढण्याचा तिला वीट आला होता. तिला या भूमीवर झाडांनीच चित्र काढायचे होते. डोंगराच्या उतारावर पळसाच्या दोन वक्र रांगा, करंगळीला करंगळी लावून धरलेल्या दोन हातांसारख्या. ओंजळ. मधली जागा रिकामी. फाल्गुनात पळस फुलला की दूरच्या रस्त्यावरूनही दिसावे, की या भग्न, भाजक्या भूमीने हात पसरले आहेत आणि हातांत काहीच नाही.

नव्या वसाहतीतल्या बाया कामाला आल्या. त्यांत पार्बता होती. ‘झाडं लावाचे त सरळ लावा ना माय, हे वाकडे कायले?’ म्हणून बाया हसल्या, आणि चुन्याच्या वाकड्या रेघेवर मुकाट्याने खड्डे खणू लागल्या. श्रावणसरी येत राहिल्या, जात राहिल्या. खालच्या शेतांतली माती टोपल्याटोपल्यांनी वर चढली. काळ्या ढिगाला हिरव्या टिकल्या लागल्या.

शेवटचे काम कुंपणाचे. शेळी पळसाला सहसा तोंड लावत नाही, पण या उजाड मुलखात तिला निवड कुठली? म्हणून प्रत्येक रोपाभोवती बोराटी रचायची ठरली. पहिली फांदी पार्बताच्या हातात आली आणि तिचे हात थबकले. बोरीच्या काट्याची ती बारीक, वाकडी नखी तिला ओळखीची होती. मग तिने ते काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. रोपामागून रोप, वेढ्यामागून वेढा. तळवे रक्ताळले, तरी ती रचत राहिली.

संध्याकाळी ढग फाटले, ओले सोनेरी ऊन उतारावर सांडले, आणि चारुता आपले चित्र पाहायला वर आली. ओंजळीच्या मधोमध एक रोप उभे होते. त्याच्याभोवतीचे काटे सगळ्यांहून दाट होते.

“पार्बताबाई, हे इथे नको. ही जागा रिकामी हवी. आपण याला कडेला लावू.”

“नाही ताई.”

“का?”

पार्बताने रोपाच्या बुडाशी माती दाबली. मग म्हणाली, “माहं लेकरू हाये या डोंगरात. कुठं हाये, मले ठाऊक नाही. मनून इथं ठरवलं.”

“पण हे चित्र...”

“एकदा मशिनीनं उकरलं. पुरलेलं पुन्हा उकराचं नसते, ताई. मी नाही उकरणार. तुमाले उकराचं असन त उकरा.”

चारुता वाकली. तिने काट्यांकडे हात नेला आणि मागे घेतला. तिला राग आला होता, हे कशाला लपवा? ज्या रिकामेपणासाठी ती एवढ्या लांब आली, तो एका काडीने मोडला होता. मग रागाची लाज वाटली. हाताचा चुना झटकून ती उतार उतरली.

पुढच्या उन्हाळ्यात मधले रोप वाळले.

पार्बताने डोक्यावरून घागरी आणल्या, ओतल्या. खालचा तापला खडक सारे पाणी पिऊन टाकी, मुळांना घोट मिळू देईना. पाने करपली, खोड वाळले, आणि वैशाखातल्या वावटळीत ती काडीही मोडून गेली. लेकरू दुसऱ्यांदा गेले. पार्बता तेव्हा मात्र रडली, कारण या वेळी पाहायला कोणी नव्हते.

रांगांतले पळस जगले. जे मेले त्यांच्या जागी दुसरे लागले. किती ऋतू आले, किती गेले, आणि एका फाल्गुनात तो काळा डोंगर पेटला. शेंदरी, केशरी, रक्तवर्णी. निष्पर्ण फांद्यांवर ज्वाळाच ज्वाळा. रस्त्याने जाणारे थांबू लागले, बोट दाखवू लागले. बातमी शहरात पोचली आणि चारुता आली. आता केस पुरते पांढरे, गुडघे दुखरे.

ती उतार चढून गेली. झाडांभोवतीचे काटे केव्हाच काढले होते. मधोमध मात्र ताज्या बोराटीचा एक लहानसा वेढा होता, आणि त्याच्यापाशी वाकलेली पार्बता बसली होती.

“रोप गेलं ना, पार्बताबाई?”

“गेलं.”

“मग हे?”

पार्बताने एक सरकलेली फांदी नीट केली. “आता मले ठाऊक हाये ताई, कुठं उभं राहाचं.”

चारुता खाली बसली. बाजूला पडलेली एक फांदी तिने उचलली, बोटांना टोचू दिली, आणि त्या वेढ्यावर ठेवली.

“उलटी घाला,” पार्बता हळूच म्हणाली. “काटे भायेर. आत ते झोपलं हाये.”

चारुताने फांदी फिरवली. वारा आला, उतारावरून वाहिला, लाल रांगांमधून सळसळत गेला. एक फूल सुटले, भिरभिरले, काट्यांवरून पलीकडे उतरले आणि आतल्या मातीवर पडले. दोघींपैकी कोणीही ते उचलले नाही.