भिंतीतली शीळ

जेवणं उरकली आणि हॉटेल चिडीचूप झालं. दुपारच्या झोपेच्या वेळी या तळ्याकाठी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. निमिया मात्र भावाला शोधत फिरत होती. दुरुस्तीसाठी हॉटेल बंद होतं, गिलाव्याचं काम या दोघा भावंडांकडे होतं, आणि देर्लिस जेवायलाच आला नव्हता.

"पडला असेल कुठंतरी तेरेरेचा गार काढा ढोसत," स्वयंपाकीण देओलिंदामावशी म्हणाली. "तू भरदुपारी उंडारू नकोस. जासी जातेरे फिरतो."

"मी काय पाळण्यातली आहे?"

तेवढ्यात शीळ आली. बारीक, लांबलचक. जेवणघराच्या भिंतीतून.

मावशीचं तोंड पांढरंफटक पडलं. "मघापासून चाललंय. मी मधाची वाटी ठेवली खिडकीत, तरी जात नाही मेला. उत्तर देऊ नकोस हं पोरी. दिलंस की संपलीस."

निमियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. सोनेरी केसांचा तो बुटका जासी जातेरे दुपारी शीळ घालतो आणि जो उलट शीळ घालतो त्याला घेऊन जातो, हे इथं आईच्या दुधाबरोबरच पाजतात.

पण भिंतीत?

भिंत पोकळ होती! हे हॉटेल बांधणाऱ्या जर्मन म्हाताऱ्याला तळ्याचं गढूळ पाणी चालत नव्हतं. त्याने जेवणघरावरच्या मनोऱ्याला खालपर्यंत दुहेरी भिंत घातली, छपरावरचा पाऊस त्या पोकळीतून खाली उतरवला आणि जेवणघराच्या फरशीखाली टाकी केली. राजधानी आसुन्सिओनची बडी मंडळी वर नाचायची, खाली पाणी साठायचं. देर्लिस सकाळी वरची पन्हळच साफ करायला चढला होता.

"मावशी, हा देर्ल्या आहे! पडलाय आत!"

"मग तोंडानं हाक का मारत नाही?"

निमियाने भिंतीला कान लावला.

बाहेर दक्षिणेचा वारा सुटला. तळं काळंशार झालं आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजले. आता सगळं छप्पर त्या भिंतीत रिकामं होणार होतं.

"नको गं बाई!" तिने ओठांचा चंबू करताच मावशीने तिचं तोंड दाबलं. निमियाने हात झिडकारला आणि सुकल्या ओठांनी शीळ घातली.

उत्तर पायाखालून आलं.

मावशी छातीवर क्रूसाची खूण करत भिंतीला चिकटली. निमियाने पहार घातली, टाकीच्या झाकणाची फरशी उचकटली. खाली नुसता अंधार, आणि धो धो पडणारं पाणी. पालथी पडून तिने खांद्यापर्यंत हात आत घातला.

कुणीतरी मनगट धरलं. बर्फासारखा गार, बुळबुळीत, लहानसा वाटणारा पंजा. सोडून पळावं असं तिला वाटलं. ती किंचाळली, "देर्ल्या असशील तर शिवी दे!"

अंधारातून, पार बसलेल्या घशाने, एक सणसणीत शिवी आली.

"मावशी, रडतेस काय, पाय धर माझे!" निमिया ओरडली आणि ओढायला लागली.