दीड वितीचं कणीस

सकाळी सकाळी अंगणात नवराबायकोची जुंपली होती, आणि तीही मक्याच्या कणसावरून.

नवऱ्याला गावात सगळे ‘वीतवाला’ म्हणत. काहीही समोर आलं की गडी आधी वीत टाकून मोजायचा, मग तोंड उघडायचा. गेल्या हंगामात त्याने दोन संकरित वाणांच्या चार-चार सऱ्या लावून पाहिल्या होत्या. एकाचं कणीस लांबलचक, दुसऱ्याचं बुटकं. दोन्हींचं सगळं पीक एकेका पोत्यात वेगळं ठेवलेलं. आज बियाणं आणायचं होतं. शेत एकच, हंगाम एकच; चुकलं तर वर्षभर हात चोळत बसायचं.

“लांबच घ्यायचं,” तो म्हणाला. “दीड वीत भरतंय. चौकात सगळ्यांना सांगून बसलोय मी.”

“मग चौकातच पेरा,” बायको म्हणाली.

त्याने वजनकाटा बाहेर आणला. लांब कणसांचं पोतं भरलं सेहेचाळीस किलो, बुटक्यांचं चव्वेचाळीस. गड्याची छाती फुगली.

“आतल्या दांड्यासकट तोललंत,” ती म्हणाली. “व्यापारी दाणे नेतो का दांडे? आधी दाणे सोला.”

आता हे काम त्याने जन्मात केलेलं नव्हतं. पहिली दहा कणसं ऐटीत सोलली. विसाव्या कणसाला अंगठ्यावर फोड आला. लांब कणसाचा दांडा मनगटाएवढा जाड, टोकाला दाणाच नाही. बायकोची पाटी मात्र भरत होती, आणि त्याच्याकडे न बघता ती हसत होती.

उन्हं कलली तेव्हा दाणे तोलले. लांब तेहेतीस, बुटकं छत्तीस. त्याने काटा दोनदा ठोकून पाहिला. काटा काही ऐकेना.

“चुकलंच माझं,” तो फोडावर फुंकर घालत म्हणाला. त्याला खरंच ओशाळल्यासारखं झालं होतं. तिने गुपचूप अंगठ्याला तेल लावून दिलं.

दुकानात जाऊन तो रुबाबात म्हणाला, “बुटक्या कणसाचं बियाणं दे. नीट विचार करून ठरवलंय मी.”

दुकानदाराने फळीखालून तीन पिशव्या काढल्या. “वहिनी गेल्याच आठवड्यात सांगून गेल्यात. म्हणाल्या, दरवर्षी मीच सोलते, माझ्या अंगठ्याला कळतं. ह्यांना कळेपर्यंत राखून ठेवा.”

वीतवाल्याने अंगठा मुठीत लपवला, पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि चौक टाळून मागच्या वाटेने घर गाठलं.